पुढचा पाव

पहाटे तीनला भट्टी पेटते
तेव्हा ती विचारत नाही, आज किती पाव.
एक भाजा नाहीतर चारशे,
तिचं पोट आधी भरायचं.
मग जागेचं भाडं,
मग कणीक मळायच्या यंत्राचा हप्ता,
जो ईदच्या दिवशीही
भिंतीआडून गुरगुरतो.

मुलगी ट्युनिसला शिकते. रीहाब.
सुट्टीत इथे केफला आली की
ओट्यावर सांडलेल्या पिठात
बोटानं रेघा ओढते.
ही चढती, ही उतरती,
आणि बाबा, या दोघी भेटतात ना,
तिथे भाव.
मी म्हणतो, भेटू देत, पण जरा लवकर.
मला त्याच जागी मळायचंय.

ती म्हणते, भाडं विसरा. ते गेलंच.
फक्त पुढच्या पावाचं बघा,
पुढच्या पावाला काय लागतं?
मूठभर पीठ, चिमूटभर मीठ,
लमीनची मिनिटभर मजुरी.

खरंय. दोनशेपर्यंत खरंय.
दोनशेनंतर लमीनचा हात जडावतो,
धाकट्या भावाला हाक मारतो तो,
मग एकाच ओट्यावर दोघांची कोपरं
एकमेकांच्या बरगड्यांत.
अडीचशेवा पाव
शंभराव्याहून महाग पडतो.
टोपलीत मात्र
दोघे सख्खे जुळे.

भाव मी ठरवत नाही.
तो राजधानीत ठरतो
आणि माझ्या दारावर खिळ्यानं ठोकलेला असतो.
पडतं त्याहून कमी.
फरक सरकार भरतं.
भरतं म्हणजे भरेल.
भरेल म्हणजे अर्ज, शिक्का,
आणि खिडकीमागच्या बाईंचं आजारपण.
गिरणीवाला रोख मागतो.
गेल्या हिवाळ्यात हिशेब केला:
भट्टी विझवली तरी भाडं द्यायचंय,
पेटवली तर पीठ-मजुरी सुटून
भाड्यातले चार दिनार तरी निघतात.
पेटवली.

समोर मुरादनं काचेचं दुकान थाटलं.
त्याचं पीठ बिनसवलतीचं, भाव त्याच्या मनाचा,
पाव सडपातळ, अंगभर तीळ.
त्याची गिऱ्हाइकं गाडी चालू ठेवून उतरतात,
सुटे परत घ्यायला थांबत नाहीत.

आणि कर मलाही.
घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं,
असं मी त्या कागदाला म्हणालो,
आणि भरला.

बहीण मबरूका, विधवा,
तिला महिन्याला भत्ता येतो.
पोस्टात उभी राहते, बसनं उतरते,
थेट माझ्या दुकानात.
ओढणीच्या गाठीतून नाणी काढून
एकदा मोजते. मग पुन्हा एकदा.
बहिणीकडून पैसे कसले घ्यायचे? पण ती ऐकत नाही,
म्हणते, सरकारचे आहेत, तुझ्या काय बापाचे.

बाप एकच आमचा.
मी त्या नाण्याकडे बघत राहिलो.
माझ्या गल्ल्यातून निघालं असेल हे,
राजधानी फिरून आलं,
वाटेत कारकुनांचा पगार, फायलीची दोरी,
बसचं तिकीट देत देत
रोडावून परत.
रीहाब म्हणाली, या गळतीला पुस्तकात नाव आहे.
असेल.
पण जे उरलं,
ते माझ्या गल्ल्यात पडलं तेव्हा नुसतं खणखणलं,
आणि मबरूकाच्या मुठीत होतं तेव्हा
ते गुरुवारपर्यंतचं जेवण होतं.
मुरादकडे तेवढंच नाणं
फरशीवर पडलेलं असतं,
कुणी वाकत नाही.
याचीही रेघ असते, रीहाब म्हणाली,
आणि ओढायला पीठ शोधू लागली.

मबरूका दारातून वळली.
मघापासून ऐकत होती सगळं.
काय रे, म्हणाली,
पुढच्या पावाला काहीच लागत नाही म्हणे?

अडीचशे केव्हाच झाले होते.
लमीन हसू दाबत भट्टीत डोकावला.
मी गरम बघून एक काढला,
तिच्या पिशवीत घातला,
हात पुसले,
आणि सरकारी वहीत लिहिलं:
एक करपला.